शहाऐंशी कुलपं, चार किल्ल्या

मी छापखान्यातून घरी आले तर हरकतकाका आमच्या स्वयंपाकघरात बूट काढून, पाय पसरून बसले होते आणि आमच्याच पेल्यातून पाणी पीत होते.

"तुझी खुर्ची डुगडुगते," ते म्हणाले. "मला वाटलं, माझीच मोडली."

हरकतकाका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. जगात अशी एकही गोष्ट नाही जिला त्यांची हरकत नाही, म्हणून हे नाव. समोर कुणी त्यांना ते म्हणत नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि त्यालाही त्यांची हरकत आहे. तर त्या दिवशी ते आपल्याच तंद्रीत एक जिना कमी चढले, आमच्या दाराला स्वतःची किल्ली लावली, कुलूप उघडलं आणि आत येऊन बसले. अर्धा पेला पाणी पोटात गेल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोवर गेली.

"म्हटलं, ही बाई माझ्या घरात कशी? तेव्हा कळलं."

मी त्यांच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि आमच्या कुलपाला लावून पाहिली. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. मग आमची किल्ली घेऊन वर गेले आणि त्यांच्या दाराला लावली. तीही फिरली. काका माझ्यामागून धापा टाकत जिना चढून आले.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले.

या वेळी त्यांची हरकत रास्त होती: ती दोन्ही कुलपं माझ्या बाबांनी केली होती. आमच्या भागातल्या शहाऐंशी घरांच्या दारांवरची शहाऐंशी कुलपं बाबांनी केली होती आणि ती तिथे मी लावायला लावली होती.

हे का केलं ते सांगते, नाहीतर मी वेडी वाटेन. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातला साबणाचा कारखाना बंद पडला. तोट्यात नव्हता. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीने तो विकत घेतला आणि तिथल्या तिथे बसून ठरवलं की हा नको. दोनशे माणसं एका कागदावर घरी बसली. महिन्याभरात चौकातल्या मोठ्या दुकानात त्याच नावाचा, त्याच वेष्टनातला साबण आला, कुठूनतरी लांबून. ज्या बायकांनी वीस वीस वर्षं तो साबण कापला होता, त्यांनीच तो विकत घ्यायचा. याचा संताप मला अजून येतो. तेव्हा तर इतका आला होता की मी आठ दिवसांत मंडळ काढलं.

नाव ठेवलं 'आपलं आपण'. अध्यक्ष साबणवाली, म्हणजे कारखान्यात साबण उकळण्याच्या कढईवर अठरा वर्षं काढलेली बाई. चिटणीस मी. नियम एकच, तोही मीच लिहिलेला: जे इथे बनतं ते बाहेरून आणायचं नाही. सोपा वाटतो ना? 'इथे' म्हणजे कुठे, यावर तीन सभा झाल्या. शेवटी ठरलं की चौकातल्या घड्याळापासून चालत अर्ध्या तासात पोचता येईल ते 'इथे'. मग कुणाच्या चालीने, यावर चौथी सभा. पोस्टमनच्या चालीने धरलं तर विणकर 'इथे' येत होता, अध्यक्षबाईंच्या गुडघ्यांनी धरलं तर बेकरीसुद्धा बाहेर जात होती. हरकतकाका सभासद नव्हते, पण हरकत घ्यायला प्रत्येक सभेला यायचे. ते म्हणाले, घड्याळच बंद आहे, तर अर्धा तास मोजणार कशावर? माझ्या नाकी नऊ आले होते. पण मंडळ चाललं. साबणवालीने परसात साबण उकळायला घेतला. फेस कमी यायचा, हात मात्र स्वच्छ व्हायचे. बेकरीवाला पुन्हा दोन वेळा भट्टी लावायला लागला.

आणि कुलपं. बाबा पंचेचाळीस वर्षं हाताने कुलपं करत होते. पितळेची, आत पाच पट्ट्या असलेली. मोठ्या दुकानाने त्यांचं गिऱ्हाईक तोडलं, मग आई गेली, आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या आपल्या कारखान्याचं शटर ओढून घेतलं. कारखाना कसला, दहा बाय आठची खोली. मी त्यांना पुन्हा उभं केलं. 'कुलूप इथलं, विश्वास इथला' असं मोठ्या अक्षरांत छापून भागभर चिकटवलं. एक महिना नको नको म्हणत होते. मग एका सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून खाली गेले आणि शटर वर केलं. त्या दिवसापासून त्यांना जेवण जायला लागलं. झोप लागायला लागली. ते कुलूप करणं बंद झालं तर माझे बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहतील, हे मला पक्कं माहीत होतं.

हरकतकाकांच्या दारातून मी तशीच खाली कारखान्यात गेले. बाबा कानस चालवत होते. हरवली तर असावी म्हणून प्रत्येक घराची एक जादा किल्ली ते भिंतीवरच्या खिळ्यांना लावून ठेवत. मी सगळ्या काढल्या आणि बाकावर एकीवर एक ठेवून बघायला लागले. तासभर लागला. शहाऐंशी किल्ल्यांच्या चार गड्ड्या झाल्या. चारच. पाचवी जात शोधून सापडेना.

"बाबा, या चारच प्रकारच्या आहेत."

"हं," बाबा म्हणाले. "असेल."

"असेल म्हणजे? वीस घरांना आपलं घर उघडता येतं!"

"येतं कुणी?"

"आज हरकतकाका आले होते!"

"तो काही नेणार नाही. तो फार तर काहीतरी बोलून जाईल." आणि कानस पुन्हा सुरू. खर्र, खर्र. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचेचाळीस वर्षांत या माणसाने दोन कुलपं सारखी केली नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने सारख्या किल्लीची दोन मागितली तर त्याला हाकलून दिलं होतं, दार वेगळं तर किल्ली वेगळी म्हणून. आणि आता "असेल"! मी विचारलं, आळस केलात का? खर्र. घाई झाली का? खर्र, खर्र. त्यांनी नवी पट्टी उचलून कानशीखाली धरली.

दोन दिवस मी स्वतःशी भांडले. गप्प बसावं तर उद्या कुणाच्या घरी चोरी झाली की नाव बाबांचं जाणार. बोलावं तर आजच जाणार. शेवटी ठरवलं, आपणच सांगितलेलं बरं. सभा बोलावली.

शाळेच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. बाबा मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आता छप्पर उडेल. बेकरीवाला उठून ओरडेल, कुणी पैसे परत मागेल, कुणी बाबांना नाही नाही ते बोलेल. मी उत्तरं पाठ करून गेले होते.

साबणवाली छताकडे बघत होती. बेकरीवाल्याने शर्टाच्या बाहीवरचं पीठ झटकलं, जे नव्हतंच.

"चालायचंच," साबणवाली शेवटी म्हणाली. "माणूस आहे. चार तर चार."

"पितळ मात्र एक नंबर हं," कुणीतरी म्हणालं.

"कुलूप हातात घेतलं की कसं भारदस्त वाटतं," आणखी कुणीतरी.

ज्या माणसांनी 'इथे' या एका शब्दावर मला चार सभा घुमवलं, ती माणसं घराच्या कुलपावर चालायचंच म्हणत होती! मी म्हटलं, चालणार नाही. उद्या बाबा आणि मी घरोघरी येऊ, कुलूप परत घेऊ आणि एकेक करून वेगळं करून देऊ. त्यावर हॉलमध्ये एकदम गलका झाला. नको, नको! कशाला त्यांना जिने चढायला लावतेस? आम्हीच आणून देऊ. उद्या आम्ही घरी नाही. परवाही नाही. मागून हरकतकाकांचा आवाज आला, "मी घरी आहे." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी कुणाचं ऐकते? दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांना घेऊन निघाले. पिशवीत हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, यादी. पहिलं घर साबणवालीचं. दार बंद होतं, ती परसात होती. दाराच्या कडीला बाबांचं पितळी कुलूप लटकत होतं, छान घासून चकचकीत केलेलं. आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर दुसरी कडी होती, नवी. तिला दुसरं कुलूप होतं. पोलादी, काळं, चौकोनी. मोठ्या दुकानातलं, कंपनीचं.

मी दार बडवलं. साबणवाली हात पुसत आली आणि आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"अगं, ते होय... भाचा आला होता, त्याने लावलं."

दुसरं घर बेकरीवाल्याचं. दोन कुलपं. तिसरं घर पोस्टमनचं. त्याने काळं कुलूप फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणे गंज लागू नये म्हणून. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. प्रत्येक दारावर बाबांचं कुलूप डोळ्यांच्या उंचीवर आणि कंपनीचं त्याच्या खाली. एकाच रंगाची, एकाच मापाची. मोठ्या दुकानाने आमच्या भागात इतकी कुलपं आयुष्यात विकली नसतील.

सातव्या घरी माझा तोल गेला. पुन्हा साबणवालीकडे गेले. बाबा मागून हळूहळू येत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं की वर्ष." ती आता रडवेली झाली होती. "माझी किल्ली बेकरीत लागली. मग एकेकाला कळत गेलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा? एवढ्या हौसेने करतात."

"मग मला सांगायचं!"

"तुला?" ती म्हणाली. "नियम तू लिहिलास. तुझ्यापुढे बाहेरच्या कुलपाचं नाव कोण काढणार? गेल्या खेपेला मी बाहेरच्या साबणाची एक वडी वापरली तर तू मला अर्धा तास ऐकवलंस. अध्यक्ष मी आहे, मला!"

लोकांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. छापखान्यात मी दिवसभर तेच करते, मुद्रितं तपासते, एक वेलांटी सुटू देत नाही. आणि वर्षभर सगळा भाग माझ्या नाकासमोर दोन दोन कुलपं लावून हिंडत होता. मी दारं वाजवून वर्गणी मागत होते, सह्या घेत होते, नियमाच्या प्रती वाटत होते. दाराकडे बघितलं नव्हतं. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा हेच कळेना. साबणवालीवर काढणार होते, पण ती आधीच डोळे पुसत होती.

इतक्यात बाबा दारापाशी पोचले. मला वाटलं, आता यांना कळणार. घराघरांनी दया म्हणून यांचं कुलूप टांगून ठेवलंय, हे यांना कळणार. मी पुढे होऊन दार अडवायला गेले, पण त्यांचा हात आधीच कडीवर गेला होता. स्वतःच्या कुलपावरून बोटं खाली सरकली आणि त्या काळ्या कुलपावर थांबली.

"काढून दे बरं हे," ते साबणवालीला म्हणाले.

तिने मुकाट्याने काढून दिलं. बाबा पायरीवर बसले. कुलूप उलटंपालटं केलं, कडी ओढून सोडली, ओढून सोडली, कानाशी धरून किल्ली फिरवली. मी वाट बघत होते की आता हे उठून चालायला लागतील आणि घरी जाऊन शटर ओढून घेतील.

"काय सफाई आहे," बाबा म्हणाले. "कुठेच खरखर नाही. ज्याने कुणी केलं त्याचा हात बसलेला आहे."

"यंत्राने केलंय, बाबा."

"यंत्र कुणीतरी चालवतंच की. असेल तिकडे माझ्यासारखाच एखादा." त्यांनी किल्ली आणखी एकदा फिरवली. "त्याच्या स्वतःच्या दाराला कुणाचं कुलूप असेल गं?"

दोन वर्षं मी 'बाहेरचं, बाहेरचं' म्हणून गळा काढत होते. बाहेर माणसं असतात, त्यांना दारं असतात, त्यांचाही कारखाना कुणीतरी लांबून कागदावर बंद करत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"काय नाव आहे त्यांचं?" बाबांनी कुलूप माझ्यासमोर धरलं. "लिहिलंय का कुठे?"

नाव कुलपाच्या तोंडावरच होतं. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अक्षरांत, काळ्यावर. रस्त्यापलीकडून वाचता आलं असतं. बाबा नेमके त्याच बाजूकडे बघत होते.

मी नाव वाचून दाखवलं. मग त्यांच्यासमोर बसले. ते माझ्याकडे बघत होते, पण जरा डावीकडे, माझ्या कानाच्या पलीकडे.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"सकाळी उजेड असतो तेव्हा दिसतं थोडं."

"कधीपासून?"

"तू शटर उघडायला लावलंस तेव्हाच धुरकट होतं. मग वाढत गेलं. बोटांवर आलो. बोटांना चारच किल्ल्यांच्या खाचा पाठ होत्या, त्याच कापत राहिलो."

आता मात्र मला रडूही येत होतं आणि त्यांच्या अंगावर धावूनही जावंसं वाटत होतं. एका घरात राहतो आम्ही. एका टेबलावर जेवतो. "मला का नाही सांगितलंत?"

बाबांनी काळं कुलूप साबणवालीच्या हातात परत दिलं.

"तुला सांगितलं असतं तर तू सभा बोलावली असतीस," ते म्हणाले.

साबणवाली फिसकन हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. मी हसले नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते खरं होतं. मी सभा बोलावली असती, ठराव मांडला असता, डोळ्यांचा डॉक्टर घड्याळापासून अर्ध्या तासात बसतो का, यावर दोन तास घालवले असते. आणि बाबांच्या हातात कानस राहिली नसती.

त्याच दुपारी कुणाला न विचारता त्यांना डॉक्टरांकडे नेलं. चाळीस मिनिटांचा रस्ता होता, तोही बसने. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, इतके दिवस काय करत होता तुम्ही? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "लेन्स दोन प्रकारच्या आहेत. एक इथली, एक बाहेरची."

"इथली म्हणजे?" बाबांनी विचारलं. "चालत अर्ध्या तासात जाता येईल अशी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, फरक काय तो सांगा. ते म्हणाले, इथलीही चांगलीच आहे, लोक तीच बसवतात. बाहेरची जवळचं बारीक काम करणाऱ्याला जास्त बरी.

"बाहेरची," मी म्हणाले.

"आणि नियम?" बाबा.

"नियम गेला खड्ड्यात."

महिन्याभराने दोन्ही डोळे झाले. मधल्या काळात लोक एकेक करून पितळी कुलपं आणून देत होते. कुणी शरमेने, कुणी कागदात बांधून, हरकतकाका अर्थातच हरकतीसह: त्यांच्या दाराला दुसरं कुलूप लावलेलंच नव्हतं, तर हे दिल्यावर दार उघडं टाकून बाहेर जायची सवय लागेल आणि ती पुन्हा मोडणार नाही म्हणाले. मी सगळी कुलपं बाकावर रचून ठेवली. मंडळाच्या सभेची मी तारीख काढली नाही. साबणवाली दोनदा विचारून गेली आणि दोन्ही वेळा, खरं सांगते, तिला जरा बरंच वाटलेलं दिसलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी बाबा खाली उतरले. मी बरोबर गेले. शटर वर झालं, उजेड सरळ बाकावर पडला. बाबांनी ढिगातलं वरचं कुलूप उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. पट्ट्या वाकड्या बसल्या होत्या. रिव्हेट एका बाजूला कलले होते. कडेला कानशीचे ओरखडे तसेच होते, आणि सांध्याला दिलेली झाळ ओघळून डाग पडला होता. मलासुद्धा दिसत होतं ते. दोन वर्षं दिसलं नव्हतं, तो भाग वेगळा. त्यांनी दुसरं उचललं, मग तिसरं. तिसरं हातातच राहिलं. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

मंडळाची चिटणीस मी. भागभर पोस्टर चिकटवणारी मी.

"बाहेरचं आहे, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत, बराच वेळ.

"तरीच," ते म्हणाले, आणि ते कुलूप बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळून त्याचे रिव्हेट काढायला लागले.